आंतरराष्ट्रीय फोटोस्पर्धेत पहिल्यांदाच भाग घ्यायचाय: कुठे, कोणत्या विभागात, कशी फाइल?

सह्यवेडी
नमस्कार मंडळी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच फोटो पाठवायचे आहेत. चार फोटो निवडलेत:

१) पुरुषवाडीचे काजवे. ट्रायपॉडवरून ४६ फ्रेम, प्रत्येकी २५ सेकंद, एफ २.८, आयएसओ २०००. फोटोशॉपमध्ये 'लाइटन' मोडने (प्रत्येक बिंदूला सगळ्यात उजळ फ्रेम दिसते) एकत्र केल्यात. झाड दिसावं म्हणून संध्याकाळी सव्वासातची एक फ्रेम खाली बेस म्हणून घेतली आहे.
२) ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो), मागे उंच इमारती.
३) जेजुरी, सोमवती अमावस्येची भंडाऱ्याची उधळण.
४) आंबोलीचा मलबार ग्लायडिंग बेडूक, पानावर, मॅक्रो.

फियाप या छायाचित्रणाच्या जागतिक संघटनेचं पेट्रनेज (मान्यता) असलेल्या सलोनपासून, म्हणजे परीक्षण होणाऱ्या प्रदर्शन-स्पर्धेपासून सुरुवात करू, की थेट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'ला पाठवू? आणि फाइल कशी तयार करायची?

सलोनकर
दोन्हीकडे पाठवा, पण दोन्हींची जातकुळी वेगळी आहे हे लक्षात ठेवा.

सलोनमध्ये 'अ‍ॅक्सेप्टन्स' मिळतात, म्हणजे फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेल्याची नोंद, आणि त्या वर्षानुवर्षं साठत जातात. फियाप ही १९५० साली सुरू झालेली जागतिक संघटना. तिच्या एएफआयएपी (AFIAP) या पहिल्या किताबाला ४० अ‍ॅक्सेप्टन्स लागतात, त्या किमान १५ वेगवेगळ्या फोटोंना आणि ८ देशांतून. अर्ज देशातल्या फियाप-सदस्य संघटनेमार्फत जातो. पीएसए, म्हणजे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, हिची 'स्टार' मानांकनंही अशाच साठलेल्या अ‍ॅक्सेप्टन्सवर मिळतात. म्हणजे चार चांगले फोटो हाताशी असले की वर्षभर पाठवत राहता येतं. एका विभागात साधारण चार फोटो घेतात.

लंडनची स्पर्धा १९६५ पासूनची. तिथे मोठ्यांना एका शुल्कात २५ फोटोंपर्यंत पाठवता येतात, वेगवेगळ्या विभागांत वाटून. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क नाही. प्रवेशिका साधारण ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि निकाल पुढच्या ऑक्टोबरात. तिथे अ‍ॅक्सेप्टन्स वगैरे काही नाही. हजारोंतून शंभरेक फोटो प्रदर्शनाला जातात, बाकी सगळे बाहेर.

रानवाट
ताई, तुमचा दोन नंबरचा फोटो बघा. फियाप, पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून निसर्गछायाचित्राची एक व्याख्या ठरवली आहे आणि बहुतेक सलोन तीच वापरतात. तिच्यानुसार चित्रात मानवी वस्तू नको. अपवाद एवढाच की ती वस्तू त्या निसर्गकथेचाच भाग असली पाहिजे, उदाहरणार्थ कोठारात राहणारं घुबड. रोहितांमागचे टॉवर परीक्षकांना खटकणार. नेचर विभागात हा फोटो बाद होण्याची शक्यता जास्त.

लंडनला मात्र शहरी वन्यजीवांचा वेगळा विभाग आहे. तिथे टॉवर काढून टाकले तर फोटोत काही उरणारच नाही. २०१६ साली त्या विभागाचं पहिलं बक्षीस मुंबईच्या नयन खानोलकरांना मिळालं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतल्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोला. त्यात भिंती आहेत, दिवा आहे, घरं आहेत. तोच फोटो सलोनच्या नेचर विभागात टाकला असता तर परीक्षकांनी व्याख्येवर बोट ठेवलं असतं.

फोटो चांगला की वाईट हे नंतर बघा. आधी तो कोणत्या विभागाच्या व्याख्येत बसतो ते बघा. नवख्यांचे फोटो सगळ्यात जास्त इथेच गळतात.

काळापांढरा
+१. मोनोक्रोमचंही तसंच. पूर्ण कृष्णधवल चालतं, संपूर्ण चित्रावर एकच टोन दिला तरी चालतो. पण जेजुरीच्या फोटोत फक्त भंडारा पिवळा ठेवून बाकी सगळं राखाडी केलं, तर तो मोनोक्रोम नव्हे, रंगीत. हा प्रकार मोनो विभागात सतत येतो आणि सतत बाहेर जातो.

आणखी एक: तुम्ही एकच फोटो रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन रूपांत पाठवलात तरी फियाप तो एकच फोटो धरते, आणि दोन्हींचं टायटलही एकच हवं. टायटल बदलून तोच फोटो नवा म्हणून मोजून घेणं हा सरळसरळ नियमभंग आहे.

निरंजन_पुणे
काजव्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? ४६ फ्रेमची चळत म्हणजे कंपोझिट, अनेक फोटो जोडून केलेलं चित्र. माझ्या मते असा फोटो निसर्ग विभागात पाठवूच नये. डोळ्यांना ते झाड कधीच असं दिसत नाही.

रानवाट
निरंजन, 'डोळ्यांना दिसत नाही' हा निकष लावला तर सेकंदाच्या हजाराव्या भागात पकडलेला खंड्याचा सूरही बाद करावा लागेल. २०२३ साली लंडनच्या स्पर्धेत अपृष्ठवंशीयांच्या वर्तनाच्या विभागात श्रीराम मुरली जिंकले ते अनामलाईच्या काजव्यांवर. त्यात १९ सेकंदांच्या ५० फ्रेम, म्हणजे सोळा मिनिटांचा प्रकाश एकत्र केला होता आणि ते कॅप्शनमध्ये उघड लिहिलं होतं. २०२० मध्ये नवी मुंबईच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या भंडारदऱ्याजवळच्या काजव्यांच्या फोटोला त्याच स्पर्धेत 'हायली कमेंडेड' मिळालं होतं.

एका जागेवरून, सलग, त्याच वेळात घेतलेल्या फ्रेम एकत्र करणं आणि दोन वेगळे क्षण जोडणं यात फरक आहे. ताईंच्या फोटोत अडचण ४६ फ्रेमची नाही, त्या सव्वासातच्या बेस फ्रेमची आहे. काजवे नऊला, झाड सव्वासातला. ट्रायपॉड हलला नसला तरी वेळ एक नाही. नियमात एकाच जागी, एकाच वेळी घेतलेल्या फ्रेम असं लिहिलेलं असेल, तर ही फ्रेम त्यात बसत नाही.

सह्यवेडी
हे माहीत नव्हतं. बेस फ्रेम काढली तर झाडाची नुसती काळी आकृती उरते, तीही अर्धवट.

रानवाट
मग रॉवर (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) परत काम करा. ४६ फ्रेममधल्या काजवे नसलेल्या भागांची सरासरी काढा. फोटोशॉपमध्ये फ्रेम एकाच स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घालून स्टॅक मोड 'मीन' ठेवला की नॉइज बराच खाली येतो आणि सावल्या दोन स्टॉप वर उचलता येतात. त्यावर 'लाइटन'ची चळत. झाड निळसर, मंद येईल, पण ते त्याच रात्रीचं त्याच वेळचं असेल. शिवाय पूर्ण अंधाराच्या काळ्या फ्रेम घेतल्या असतील तर हॉट पिक्सेल (सेन्सरचे आपोआप उजळणारे ठिपके) त्यांच्या मदतीने वजा करा. नाही तर लाल-हिरवे ठिपके काजव्यांसारखे दिसतात, आणि परीक्षकाने १०० टक्के मोठं करून पाहिलं की ते लगेच ओळखू येतात.

सलोनच्या नेचर विभागासाठी मात्र आयोजकांना आधी ईमेल करून विचारा. त्या व्याख्येत एचडीआर (वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम एकत्र करणं) आणि फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करणं) परवानगी आहे, चित्रघटक बाहेरून घालायला, हलवायला किंवा काढायला नाही. काजव्यांची चळत यात कुठे बसते हे वेगवेगळे परीक्षक वेगवेगळं ठरवतात. उत्तर लेखी घ्या.

निरंजन_पुणे
बेस फ्रेमचा मुद्दा पटला. चळतीबद्दल माझं मत मात्र तेच आहे. पण कॅप्शनमध्ये लिहिलं असेल तर फसवणूक म्हणणार नाही.

मृण्मयी
अवांतर: काजव्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी टॉर्च आणि फोनचे स्क्रीन बंद ठेवावेत. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या लुकलुकण्यातूनच शोधतात, दिवे लागले की तो संवाद तुटतो. त्यांच्या अळ्या जमिनीलगत, पालापाचोळ्यात असतात, त्यामुळे झाडाखाली ट्रायपॉडची गर्दी केली की पुढच्या वर्षाचे काजवे पायाखाली जातात. रस्त्यावरूनच फ्रेम लावा.

ठाणेखाडी
अवांतर अजिबात नाही. आजकाल कॅप्शनच्या रकान्यात फोटो कसा मिळवला हे विचारतात. समुद्रपक्ष्यांना शेव-गाठ्या टाकून बोटीभोवती गोळा करायचं आणि मग झेप टिपायची, हे मुंबईतही होतं आणि भिगवणलाही. असे फोटो वन्यजीव स्पर्धेत पाठवू नका. जिवंत भक्ष्य ठेवून काढलेला फोटो तर लंडनला थेट बाद. भारतातल्या बऱ्याच सलोननी घरट्यावरचे फोटो घेणार नाही असंही नियमात लिहिलेलं असतं.

ताई, बेडूक पानावर मुळात होता की कुणी उचलून ठेवला?

सह्यवेडी
मुळातच होता. पानाच्या मागून फ्लॅश डिफ्यूझर लावून दिला होता, एवढंच.

ठाणेखाडी
मग ठीक. दोन-तीन फ्लॅशच्या पलीकडे गेला नसाल असं धरतो. कॅप्शनमध्ये लिहा: रात्री, रस्त्याकडेला, जागेवरून हलवलेला नाही. हा फोटो सलोनच्या नेचर-वाइल्डलाइफला सगळ्यात सुरक्षित. पण एक सांगतो, आंबोलीतला हिरव्या पानावरचा हिरवा बेडूक परीक्षकांनी शेकड्याने पाहिला आहे. तीन परीक्षकांसमोर फोटो काही सेकंदच असतो, ते बटण दाबतात, बेरीज होते, पुढचा फोटो येतो. तेवढ्या वेळात नजर कुठे जाते ते बघा. फोटो लॅपटॉपवर अंगठ्याएवढा करून दोन हातांवरून पाहा. विषय ओळखू आला नाही तर क्रॉप बदला.

लॅबवाला
फाइलबद्दल. नियमात '१९२० बाय १०८०' असं लिहिलं की बरेच जण लांब बाजू १९२० करून पाठवतात आणि प्रणाली फाइल नाकारते. अर्थ असा: रुंदी १९२० च्या आत आणि उंची १०८० च्या आत. तुमच्या कॅमेऱ्याचं प्रमाण ३:२ असेल तर आडवा फोटो १६२० बाय १०८० होतो, आणि उभा फोटो फक्त ७२० बाय १०८०. उभा फोटो पडद्यावर आडव्याच्या निम्म्याहून लहान दिसतो, हे निवड करतानाच लक्षात घ्या.

लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना 'रिसाइझ टू फिट'मध्ये 'विड्थ अँड हाइट' निवडा. 'डायमेन्शन्स' निवडलंत तर ते दिशेनुसार आकडे फिरवतं आणि ३:२ चा उभा फोटो १०८० बाय १६२० होऊन बसतो.

कलर स्पेस एसआरजीबी आणि प्रोफाइल जोडलेलं. अ‍ॅडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रंग फिके पडतात, तुमचा भंडारा पिठासारखा दिसेल. जेजुरीच्या फोटोत आणखी एक धोका आहे: गडद पिवळ्यात लाल चॅनल वर आपटतो आणि निळा शून्यावर जातो. मग भंडाऱ्याचे कण, ढगाचा पोत सगळं जाऊन एक पिवळा डाग राहतो. सॅच्युरेशन वाढवू नका. सॉफ्ट प्रूफ (अंतिम रंग पडद्यावर आधीच दाखवणारी सोय) एसआरजीबीवर ठेवून पिवळ्याची ल्युमिनन्स थोडी खाली घ्या.

जेपेगचा दर्जा आधी सर्वोच्च ठेवा, फाइलच्या आकाराची मर्यादा ओलांडली तर एक-एक पायरी खाली या. शार्पनिंग आकार लहान केल्यावर. आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला हवा, ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला. लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलेले फोटो परीक्षकांच्या पडद्यावर अंधारे दिसतात. सलोनमध्ये अंधारे फोटो येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच.

वॉटरमार्क, सही, तारीख: काहीही नको.

निरंजन_पुणे
प्रिंट विभागाचं काय?

लॅबवाला
पाठवा, तिथे प्रवेशिका कमी असतात. माउंट न करता, कडक पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट पाठवा. गुंडाळी करून नळीत पाठवलेले प्रिंट परीक्षणाच्या टेबलावर उलगडत नाहीत. मागे पेन्सिलीने नाव, टायटल, विभाग लिहा; बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. पोस्टाच्या कस्टम्स फॉर्मवर 'प्रदर्शनासाठी छायाचित्रे, विक्रीसाठी नाहीत' असं स्पष्ट लिहा आणि किंमत किरकोळ दाखवा. जास्त किंमत लिहिली तर तिकडे आयोजकांकडून कर मागतात आणि ते पाकीट सोडवत नाहीत.

काळापांढरा
एआयबद्दल कुणीतरी लिहाल का? नवीन नॉइज रिडक्शन चालतं का, हा प्रश्न सगळीकडे येतो.

सलोनकर
फियापचा पाया असा की चित्राचा प्रत्येक भाग तुम्ही स्वतः कॅमेऱ्याने टिपलेला हवा. म्हणून विकतचं किंवा सॉफ्टवेअरमध्ये आयतं मिळणारं आकाश बाद, जनरेटिव्ह फिल (एआयने चित्रात नवा भाग भरणं) बाद. अ‍ॅमस्टरडॅमच्या वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेने आणखी बारकाईने लिहिलं आहे: साधं डीनॉइज चालू शकतं, पण सुपर रिझोल्यूशनसारखी, नवा तपशील निर्माण करून चित्र मोठं आणि धारदार करणारी साधनं चालत नाहीत.

हे प्रकरण किती गंभीर झालंय याची दोन उदाहरणं. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते जिंकलं आणि त्यांनी बक्षीस नाकारलं. २०२४ मध्ये उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात रोहिताचा खराखुरा फोटो घातला, तो बक्षीसपात्र ठरला आणि मग बाद झाला.

रानवाट
एआयच्या आधीही हे होतंच. लंडनच्याच स्पर्धेत २००९ चा विजेता लांडग्याचा फोटो बक्षीस दिल्यावर काढून घेतला, कारण लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं. २०१८ मध्ये मुंगीखाऊ प्राण्याचा बक्षीसपात्र फोटो बाद झाला, प्राणी पेंढा भरलेला असल्याचं तपासात म्हटलं गेलं. वर्ल्ड प्रेसने २०१० मध्ये एका फोटोच्या कडेला दिसणारं पाऊल पुसलं म्हणून बक्षीस रद्द केलं, आणि २०१५ मध्ये एका मालिकेतला एक फोटो वेगळ्या शहरातला निघाला म्हणून. शेवटच्या प्रकरणात चित्रात काहीच बदल नव्हता, कॅप्शन खोटं होतं.

म्हणून रॉ फाइल कधीही डिलीट करू नका. अंतिम फेरीत त्या मागवतात, उत्तराला मोजके दिवस असतात. मागच्या-पुढच्या फ्रेमही मागवतात. जागा वाचवायला सगळ्या रॉ डीएनजीत (अ‍ॅडोबीच्या रॉ प्रकारात) बदलून मूळ फाइल पुसणाऱ्यांनी सावध राहा: कॅमेरा मुळातच डीएनजी देत असेल तरच ती चालेल असा नियम काही ठिकाणी असतो. काजव्यांच्या सगळ्या ४६ रॉ हव्यात, एक नाही.

कलम५७
अटींमधला हक्कांचा परिच्छेद वाचा. 'स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह' इतपत परवानगी रास्त आहे. 'कायमस्वरूपी, मागे न घेता येणारी, मोबदल्याविना, इतरांना देता येण्याजोगी, कोणत्याही कारणासाठी' असं आलं की थांबा. तेही फक्त विजेत्यांपुरतं आहे की सगळ्या प्रवेशिकांना, ते पाहा. सगळ्या प्रवेशिकांना असेल तर ती स्पर्धा नसून फुकट फोटो गोळा करायची मोहीम आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. पण परदेशी स्पर्धेच्या अटींत बहुधा तिथला कायदा लागू असल्याचं लिहिलेलं असतं, त्यामुळे यावर विसंबू नका.

जेजुरीच्या फोटोत चेहरे ओळखू येत असतील, विशेषतः लहान मुलांचे, तर मॉडेल रिलीज (त्या व्यक्तीची लेखी संमती) मागतात का तेही बघा.

मृण्मयी
शुल्क भरताना अडकतात बरेच जण. २०२० च्या ऑक्टोबरपासून कार्डवरचे परदेशी व्यवहार आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' दोन्ही चालू करा, मर्यादा ठेवा, काम झालं की बंद करा. शेवटच्या रात्री हे करायला गेलात आणि व्यवहार फसला तर प्रवेशिका अपूर्ण राहते. मुदतीची वेळ कोणत्या देशाची आहे तेही पाहा.

काळापांढरा
आणि दर फोटोला पंचवीस-तीस डॉलर घेऊन शंभर विभागांत 'ऑनरेबल मेन्शन' वाटणाऱ्या, मग ट्रॉफी विकत घ्या म्हणून मागे लागणाऱ्या स्पर्धा टाळा. सलोन असेल तर पत्रकावरचा पेट्रनेज क्रमांक फियापच्या संकेतस्थळावर जुळवून बघा. क्रमांक नसेल तर त्या अ‍ॅक्सेप्टन्स किताबासाठी मोजल्या जाणार नाहीत.

सह्यवेडी
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय: रोहित आणि काजवे (बेस फ्रेम काढून, नव्याने) लंडनला. बेडूक सलोनच्या नेचरला. जेजुरी सलोनच्या ट्रॅव्हलला, टायटल 'भंडारा'. बरोबर का?

सलोनकर
विभाग बरोबर. ट्रॅव्हलच्या व्याख्येत फोटोसाठी मुद्दाम घडवलेला प्रसंग किंवा पैसे देऊन उभे केलेले लोक चालत नाहीत. सोमवतीची उधळण खरीच असते, त्यामुळे प्रश्न नाही. पण अगदी जवळून फक्त हात आणि पिवळा ढग असा क्रॉप असेल तर ठिकाणाची ओळख जाते. पायऱ्या, दीपमाळा किंवा गडाचा दरवाजा यातलं काहीतरी चौकटीत ठेवा.

टायटल बदला. पुढे जेजुरीचा दुसरा फोटो पाठवाल तेव्हा तोही 'भंडारा'च होईल आणि नोंदीत घोळ होईल. पीएसएला कॅमेऱ्याने दिलेला फाइल नंबरही टायटल म्हणून चालत नाही. 'सोमवती जेजुरी ०१' असं काही न ठेवता 'दीपमाळेवरचा भंडारा' असं त्या चित्राचंच नाव द्या, रोमन लिपीत स्पेलिंग एकदा ठरवा आणि एक्सेलमध्ये लिहून ठेवा: टायटल, मूळ रॉचा क्रमांक, सलोन, देश, पेट्रनेज क्रमांक, निकाल. पुढच्या सलोनला त्याच शीटवरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

सह्यवेडी
त्या फ्रेममध्ये दीपमाळ डाव्या कडेला अर्धी कापली गेली आहे. रॉमध्ये पूर्ण आहे, आज क्रॉप बदलते.